पेजेपासून भाकरीपर्यंत

घरात मूल आजारी असलं की येणारे-जाणारे एकच विचारतात, "ताप उतरला का?" उतरला म्हटलं की सगळे हुश्श करतात. डॉक्टरांचा कागद कपाटात जातो, आई कामाला लागते, मूल अंगणवाडीत नाहीतर शाळेत जाऊ लागतं. पुढचे पंधरा-वीस दिवस ते पोर किरकिर करतं, दोन घास खाऊन ताटावरून उठतं, दोन पावलं चाललं की कडेवर घ्या म्हणून हट्ट धरतं. डोळे मोठे दिसू लागतात, चड्डी कमरेवरून घसरते. "आजारपणानं जरा हडकलाय, येईल भरून," असं आपण म्हणतो.

बहुतेक मुलं भरून येतातही. पण सगळी नाही. ज्यांचं भरून येणं अर्धवट राहतं, त्यांना पुढचा आजार त्या अर्ध्या वाटेवरच गाठतो. या लेखाचा विषय हे पंधरा-वीस दिवस आहेत. डॉक्टरांचं काम संपलेलं असतं आणि स्वयंपाकघराचं काम सुरू व्हायला हवं असतं, ते दिवस.

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. आजाऱ्याचं अन्न या विषयावर मिळेल ते गेली बरीच वर्षं वाचत आले आहे. जुन्या पाकपुस्तकांमधले आजाऱ्यांचे पदार्थ, आयुर्वेदाच्या संहितांची भाषांतरं, बालपोषणावरचे शोधनिबंध. जोडीला कोकणात आणि देशावर वयस्कर बायकांना एकच प्रश्न विचारत आले: तापातून उठलेल्या पोराला तुम्ही पहिल्या दिवशी काय द्यायचात, तिसऱ्या दिवशी काय आणि आठव्या दिवशी काय? पहिल्या दिवसाचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. तिसऱ्या दिवशी ते अडखळतं. आठव्या दिवसाचं उत्तर पुष्कळ घरांतून पुसलंच गेलं आहे. आपल्या परंपरेनं आजारातून वर यायला एक शिडी केली होती. तिची पहिली पायरी आपण जपली आणि वरच्या विसरलो, असं मला या सगळ्या वाचण्या-ऐकण्यातून दिसलं.

भूक का मरते

आजारात भूक जाते ती पोट बिघडल्यामुळेच, असा आपला समज असतो. पण घसा दुखत असो, छातीत कफ असो की गोवर असो, पोटाचा काही संबंध नसला तरी भूक जातेच. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात काही संदेशद्रव्यं सोडतात. इंटरल्युकिन-१ हे त्यातलं एक. मेंदूत जाऊन ताप चढवायला लावणारी ही द्रव्यं भूकही दाबतात आणि जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात. म्हणून भर तापात कोंबलेला घास बाहेर येतो. १९७९ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना नळीनं जबरदस्तीनं अन्न दिलं, तर ते जास्त मेले. आपल्याकडच्या लंघनाच्या कल्पनेत तथ्य आहे ते एवढ्यापुरतं: ताप भरात असताना जबरदस्ती करू नये.

पण त्याच वेळी शरीराचा खर्च वाढलेला असतो. ताप सेल्सियसच्या एका अंशानं वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च दहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो. जमा थांबलेली आणि खर्च वाढलेला. ही तूट भरायला शरीर स्वतःचे स्नायू मोडतं. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत विल्यम बायसेल यांनी १९६० च्या दशकात स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग देऊन त्यांच्या शरीरातल्या प्रथिनांचा जमाखर्च मोजला होता. ताप गेल्यावरही काही दिवस प्रथिनांची तूट चालूच राहते, असं त्यात दिसलं. म्हणजे थर्मामीटरमधला पारा उतरतो त्या दिवशी मूल बरं झालेलं नसतं. त्याच्या घसरणीचा उतार फक्त कमी झालेला असतो.

मोठ्या माणसाकडे गाठीला काही असतं. दोन वर्षांच्या मुलाकडे ते फारसं नसतं. म्हणून मोठ्यांचं लंघन मुलांना लावता येत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर एक वेळही बंद करायचं नाही. बांगलादेश आणि पेरू इथल्या अभ्यासांत असं आढळलं की जुलाबात बाळं वरचं अन्न नाकारतात, पण आईचं दूध फारसं कमी करत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर आजारात आणि आजारानंतरही तेच अन्न आणि तेच पाणी.

वजनाच्या रेषेवरच्या खाचा

ग्वाटेमालातल्या सांता मारिया काउके या डोंगराळ खेड्यात लिओनार्दो माता या संशोधकानं १९६० च्या दशकात मुलांच्या जन्मापासून नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्याचा ग्रंथ १९७८ साली निघाला. पोषणशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला त्यातला एक आलेख दाखवला जातो. वर एका मुलाच्या वजनाची रेषा आणि खाली त्या मुलाच्या आजारांच्या पट्ट्या. पहिले काही महिने आईच्या दुधावर रेषा झकास चढते. मग जुलाब, खोकला, ताप, पुन्हा जुलाब अशा पट्ट्या दाटत जातात आणि प्रत्येक पट्टीवर वजनाच्या रेषेला खाच पडते. एक खाच भरून निघायच्या आत दुसरी. उपासमारीची कुठलीही मोठी घटना घडलेली नसताना ते मूल वाढीत मागे मागे पडत जातं.

आजार आणि कुपोषण एकमेकांना खतपाणी घालतात, हा सिद्धान्त जागतिक आरोग्य संघटनेनं १९६८ साली छापलेल्या पुस्तकात नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांनी मांडला. यातले कार्ल टेलर आपल्या जवळचे. त्यांचा जन्म मसुरीजवळच्या लंढौरचा, आणि पंजाबातल्या नारंगवालमध्ये त्यांनी बालआरोग्याचं मोठं काम केलं. जामखेडला १९७० साली काम सुरू करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे त्यांचेच विद्यार्थी. गावातल्या निरक्षर बायकाही मुलांची वजनं घेऊन त्यांचा अर्थ लावू शकतात, हे जामखेडनं दाखवून दिलं. आज प्रत्येक अंगणवाडीत वाढीचा तक्ता असतो. त्यावर बहुधा एवढंच पाहिलं जातं की मूल हिरव्या पट्ट्यात आहे की पिवळ्या. माझ्या मते खरं पाहायला हवं ते खाच कधी पडली आणि भरायला किती दिवस लागले.

एक साधा हिशोब करू. दुसऱ्या वर्षात मुलाचं वजन महिन्याला साधारण दोनशे ग्रॅमनं वाढतं. आठ दिवसांच्या जुलाब-तापात अर्धा किलो गेलं, तर अडीच महिन्यांची वाढ गेली. त्यातला काही भाग पाण्याचा असतो, तो लवकर परत येतो. उरलेलं मांस-चरबीचं असतं आणि ते अन्नातूनच भरावं लागतं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत असे तीन आजार झाले आणि एकही खाच पुरती भरली नाही, तर कित्येक महिन्यांची वाढ चार महिन्यांत गमावल्यासारखं होतं.

दिलासा देणारी बाजूही आहे. आजार किंवा उपासमार संपल्यावर मुलाचं शरीर नेहमीपेक्षा वेगानं वाढून आपली जुनी रेषा गाठायचा प्रयत्न करतं. प्राडर, टॅनर आणि फॉन हार्नाक या तिघांनी १९६३ साली या भरपाईच्या वाढीचं वर्णन केलं. जमैकात ॲन ॲशवर्थ यांनी कुपोषणातून सावरणाऱ्या मुलांचं खाणं मोजलं. ही मुलं आधी भरपूर खात, झपाट्यानं वजन घेत आणि उंचीला साजेसं वजन आलं की त्यांचं खाणं आपोआप कमी होई. थोडक्यात, भुकेला आपला हिशोब कळतो. शरीर उधारी वसूल करायला तयार असतं. त्या दिवसांत ताटात काय येतं, यावर सगळं ठरतं.

पथ्य म्हणजे शिडी

पथ्य म्हटलं की आपल्याला मनाई आठवते: तेल नको, दही नको, केळं नको, अंडं नको. मुळात हा शब्द पथावरून, म्हणजे वाटेवरून आला. चरकसंहितेतल्या व्याख्येचा भावार्थ असा की जे वाट सोडत नाही आणि मनालाही रुचतं ते पथ्य. ‘मनाला रुचतं’ हा अर्धा भाग आपण पार विसरलो.

त्याच संहितेत शरीरशुद्धीनंतर अन्न परत कसं सुरू करायचं याचा क्रम दिला आहे. त्याला संसर्जनक्रम म्हणतात. आधी पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे घट्ट गुरगुट्या भात. मग यूष, म्हणजे डाळीचं कढण, तेही आधी साधं आणि मग स्नेह, मीठ, मसाला घातलेलं. शेवटी मांसरस आणि मग नेहमीचं जेवण. दृष्टान्त दिला आहे तो विस्तवाचा. बारीक ठिणगीवर आधी गवत, मग शेणी घालत विस्तव मोठा करतात, तसं हे. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती या क्रमाची मुदत. शुद्धी कितपत झाली त्यानुसार चार, आठ किंवा फार तर बारा अन्नकाळांत, म्हणजे बारा जेवणांत, ही शिडी चढून संपवायची आहे. दिवसाची दोन जेवणं धरली तर जास्तीत जास्त आठवडाभर. पेजेवर महिनाभर ठेवा, असं तिथे म्हटलेलं नाही. स्नेहही आठवडा उलटायच्या आत परत येतो.

मराठी स्वयंपाकघरानं या क्रमाला आपापली नावं दिली. साळीच्या लाह्यांचं पाणी, पेजेवरची निवळ, तांदळाची किंवा कण्यांची पेज. मग तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवलेली कोकणातली आटवल. मग तूप-मेतकूट घातलेला मऊ भात, मुगाचं कढण, तोंडाला चव यावी म्हणून लिंबाच्या जुन्या लोणच्याची फोड. मग भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून. मांसाहारी घरांत पायाचा रस्सा, किनाऱ्यावर पेजेबरोबर भाजलेलं सुकट. मेतकूट ही तर फार शहाणी वस्तू आहे. तांदूळ, गहू, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ आधीच भाजलेली, त्यामुळे पचायला सोपी. धान्य-डाळ एकत्र असल्यानं एकातली प्रथिनांची उणीव दुसऱ्यानं भरलेली. वर हिंग, जिरं, सुंठ यांचा वास भूक चाळवणारा.

मग शिडी तुटली कुठे? वरच्या पायऱ्यांना पैसे लागतात, हे एक कारण. तांदूळ घरात असतो, तूप-डाळ-अंडं विकत आणावं लागतं. दुसरं म्हणजे "हलकं द्या" एवढाच सल्ला दवाखान्यातून घरी येतो. कधीपर्यंत, हे कोणी सांगत नाही. तिसरं कारण भीती. पोर जुलाबातून उठलंय, पुन्हा बिघडेल. या भीतीपायी तूप थांबतं, डाळ थांबते, आणि पेज-चहा-बिस्किटांवर तीन आठवडे निघतात. ही भीती डॉक्टरांनाही होती. जुलाबात आतड्याला विश्रांती द्यावी, असं पाश्चात्त्य वैद्यकातही दीर्घकाळ शिकवलं जाई. लवकर खायला दिलेल्या बाळांना शौचाला थोडं जास्त होतं, पण उपाशी ठेवलेल्यांपेक्षा त्यांचं वजन चांगलं राहतं, असं १९४८ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. ती गोष्ट सर्वमान्य व्हायला मात्र काही दशकं गेली.

पेजेचं गणित

पेजेला मी नावं ठेवत नाही. पहिल्या दिवसाला तिच्यासारखं अन्न नाही. पाणी, मीठ आणि पिष्ट एकत्र पोटात जातात आणि आतडं ते सहज शोषून घेतं. पण तिचं गणित मांडून पाहावं.

दोनशे मिलिलिटरच्या वाटीभर पातळ पेजेत साधारण पंधरा ग्रॅम तांदूळ असतो. त्यातून मिळतात पन्नासएक कॅलरी. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे एक हजार लागतात. म्हणजे नुसत्या पेजेवर ठेवायचं तर वीस वाट्या. या मुलाचं जठर दर किलो वजनामागे तीसएक मिलिलिटर, म्हणजे दहा किलोच्या मुलाचं तीनशे मिलिलिटर. पोट पाण्यानं भरतं, मूल "बास" म्हणतं, आणि आपण म्हणतो याला भूक नाही.

आता त्याच वाटीत चमचाभर, पाच ग्रॅम तूप घाला. पंचेचाळीस कॅलरी वाढल्या. दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट घाला. आणखी पंचावन्न कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिनं. वाटी तेवढीच, घासही तेवढेच, पण पन्नासाचे दीडशे झाले. भूक कमी असलेल्या मुलाला जास्त खायला लावण्यापेक्षा त्याच्या मोजक्या घासांत जास्त भरणं सोपं असतं. तूप परवडत नसेल तर घरातलं कुठलंही खाण्याचं तेल तेच काम करतं. शेंगदाणे लहान मुलाला अख्खे कधीही देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. कूटच द्यावं.

दुसरी करामत नाचणीची. नाचणीची खीर घट्ट केली की ती खळीसारखी होते आणि मूल गिळत नाही. पातळ केली की तिच्यात पीठच उरत नाही. मोड आणल्यानं ही अडचण सुटते. दाण्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. मोडाच्या पिठाची खीर त्यामुळे पातळच राहते आणि तेवढ्याच वाटीत जवळपास दुप्पट पीठ मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. साध्या पिठाच्या घट्ट खिरीत मोडाचं पीठ अगदी चमचाभर घातलं तरी ती सैल होते, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडच्या नाचणीच्या सत्त्वामागचं गुपित हेच. दोन गोष्टी मात्र जपाव्यात. मोडाचे दाणे वाळवून अगदी मंद भाजावेत. खरपूस भाजले तर विकर मरतं. आणि सत्त्व फडक्यातून गाळून नुसता पांढरा साका घेण्यापेक्षा सगळंच दळून बारीक चाळावं, नाहीतर कॅल्शियम आणि प्रथिनांचा बराच भाग चोथ्याबरोबर जातो. खीर थोडी निवली की मोडाचं पीठ घालून ढवळावं, सैल झाली की पुन्हा एक उकळी आणावी. ही उकळी महत्त्वाची, कारण मोडांबरोबर जंतूही वाढलेले असू शकतात.

दोन आठवडे, एक जेवण जास्त

जुलाबानंतर मुलाला दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोनच आठवडे का आणि एकच जेवण का, याचा हिशोब मी माझ्यापुरता मांडून पाहिला. शरीरात एक ग्रॅम नवी ऊती भरायला साधारण पाच कॅलरी लागतात. अर्धा किलो भरायला अडीच हजार. चौदा दिवसांत विभागल्या तर रोजच्या गरजेवर जवळजवळ एकशेऐंशी. हे झालं एक छोटं जेवण. एक अंडं, एक लहान केळं आणि चमचाभर तूप. किंवा शेंगदाणे-गुळाचा एक लाडू आणि अर्धी वाटी दूध. खाच मोठी असेल तर दोन आठवड्यांचे तीन-चार होतील. थांबायचं कधी, ते वजनकाट्याला विचारावं.

मजुरीवर जाणाऱ्या आईला दिवसातून सहा वेळा ताजं शिजवून भरवा, असं सांगणं सोपं आहे. तिला उपयोगी पडतं ते करून ठेवलेलं अन्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं फार पूर्वी असं एक मिश्रण सुचवलं होतं. चाळीस ग्रॅम गहू, सोळा ग्रॅम हरभऱ्याची डाळ, दहा ग्रॅम शेंगदाणे, वीस ग्रॅम गूळ. धान्य, डाळ आणि दाणे वेगवेगळे भाजून कुटायचे आणि गूळ मिसळायचा. एवढ्यातून सुमारे तीनशेतीस कॅलरी आणि अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. कोरड्या डब्यात ते टिकतं. आजी, मोठी बहीण, शेजारीण, कोणीही उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा दुधात कालवून देऊ शकतं.

दिवसांचा ढोबळ आराखडा असा करता येईल. पहिले एक-दोन दिवस पेज, ताक, कढण, थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी. तिसऱ्या दिवसापासून मऊ भात-वरण, आटवल, मेतकूट, आणि प्रत्येक वाटीत तूप किंवा तेल. पाचव्या-सहाव्या दिवसापासून अंडं, मासा, उसळीचं कढण, पोळी-भाकरी कुस्करून. आठव्या दिवशी घरात सगळे जेवतात ते, आणि वर एक जेवण जास्त. केळी आणि शहाळ्याचं पाणी मधूनमधून द्यावं. जुलाबात शरीरातलं पोटॅशियम जातं, त्यानं अंगातला त्राण जातो आणि भूकही मंदावते.

ताटापाशी

भरवण्यावरून घराघरांत युद्धं होतात. मोबाईल दाखवून, नाक दाबून, मागे धावून. आजारातून उठलेल्या मुलाशी तर हे मुळीच करू नये. मळमळत असताना जबरदस्तीनं दिलेल्या पदार्थाची शिसारी मनात बसते आणि आजार गेल्यावरही राहते. पुष्कळ मोठी माणसंही एखादा पदार्थ जन्मभर खात नाहीत, त्याचं मूळ बहुधा अशाच एखाद्या लहानपणच्या आजारात सापडतं.

आज्या सांगतात त्यातलं पुष्कळ खरं आहे. मोठ्या ताटात ढीग वाढू नये, लहान वाटीत दोन घास वाढावेत. संपले की मूल स्वतः मागतं. एकट्याला बसवून भरवण्यापेक्षा भावंडांच्या पंगतीत बसवावं. मात्र त्याची वाटी वेगळी असावी, म्हणजे किती पोटात गेलं ते कळतं. जेवणाआधी तासभर दूध, चहा, बिस्किटं देऊ नयेत. तोंड कडू झालेलं असतं, म्हणून आल्याचा मिठाला लावलेला कीस, लिंबाचे दोन थेंब, जिऱ्याची फोडणी. मूल सकाळी ताजंतवानं असतं, तेव्हाचं खाणं सगळ्यात भरीव ठेवावं. आणि त्याला थोडं खेळू द्यावं. स्नायू परत यायला अन्नाइतकीच हालचाल लागते.

बाटल्यांची भूक

भूक वाढवण्यासाठी दिली जाणारी काही औषधं मुळात ॲलर्जीची असतात. त्यांची गुंगी येते आणि थांबवली की भूक पुन्हा पहिल्यासारखी. टॉनिकच्या एका बाटलीच्या पैशात डझनभर अंडी येतात, हे विसरू नये.

लोहाच्या औषधाची गोष्ट वेगळी. अशक्तपणा दिसला की ते आधी आठवतं, पण संसर्ग चालू असताना शरीर लोह मुद्दाम कुलूपबंद करतं, जंतूंना ते मिळू नये म्हणून. हेप्सिडिन हे संप्रेरक ते काम करतं. त्या काळात दिलेलं लोह फारसं शोषलंच जात नाही. म्हणून ताप गेल्यावर, भूक परतल्यावर, डॉक्टरांना विचारून ते सुरू करावं.

जस्त मात्र जुलाबात पहिल्या दिवसापासून द्यायचं असतं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज वीस मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला दहा, चौदा दिवस. सरकारी दवाखान्यात या गोळ्या मिळतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की घरोघर त्या बंद होतात. पुढचे दिवस हे आतड्याचं अस्तर भरून येण्याचे आणि चव परतण्याचे असतात, त्यामुळे चौदाही दिवस पुरे करावेत. गोवरात ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन मोठे डोस डॉक्टर देतात, ते चुकवू नयेत. गोवर उतरल्यावर मूल कित्येक आठवडे दुसऱ्या आजारांना उघडं राहतं. आधीच्या आजारांची प्रतिकारस्मृतीच तो पुसून टाकतो, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आलं आहे. गोवरात तेल-मीठ-फोडणी बंद ठेवायची रीत ज्या घरांत आहे, त्यांनी निदान पुरळ मावळताच ती सोडावी.

घरच्या उपायांची हद्द

मूल काहीच पीत नसेल, सगळं ओकत असेल, सुस्त पडून असेल, झटके येत असतील, श्वास जोरात चालत असेल, शौचातून रक्त पडत असेल, तर पेजेचा विचार न करता दवाखाना गाठावा. दोन्ही पावलांवर सूज असेल किंवा सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरत असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे. अशा मुलाला घरी एकदम तूप-दाणे-अंडी सुरू करणं धोक्याचं ठरतं. उपाशी शरीराला अन्नाचा लोंढा झेपत नाही, रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन हृदय थकू शकतं. त्याच्यासाठी पोषण पुनर्वसन केंद्रातला मोजूनमापून चढवलेला आहार हवा. दोन आठवडे खोकला हटत नसेल, दोन आठवड्यांत भूक परतली नसेल किंवा महिनाभरात गेलेलं वजन आलं नसेल, तर आजार गेलेला नाही असं धरून पुन्हा तपासून घ्यावं. क्षयासारखे आजार मुलांमध्ये पुष्कळदा एवढंच लक्षण दाखवतात.

याला एकच उपकरण लागतं, वजनकाटा. अंगणवाडीत तो असतो. ताप उतरला त्या दिवशी एकदा, आणि मग दर आठवड्याला एकदा, तक्त्यावर ठिपका द्यावा. ठिपका जुन्या रेषेला भिडला की आजारपण संपलं. घरात आजारी मूल असेल तेव्हा पाहुण्यांनीही "ताप उतरला का?" याच्या जोडीला "वजन भरलं का?" असं विचारलं, तर पुष्कळ काही बदलेल.

शरद ऋतू ही वैद्यांची आई, असं जुने लोक म्हणत, कारण पावसाळा सरता सरता घरोघर आजारपणं असत. त्याच्या पाठोपाठ दिवाळी येते. नवं भात आलेलं असतं, शेतातून भुईमूग निघालेला असतो, आणि घराघरांत डाळीचं बेसन तुपात भाजलं जातं, पोहे-दाणे-खोबऱ्याचा चिवडा होतो, गुळाचा वास सुटतो. चार महिने खाचा पडलेल्या पोरांसमोर वर्षातलं सगळ्यात भरीव अन्न नेमकं याच दिवसांत येतं. यंदा फराळाचे डबे भराल तेव्हा मागच्या महिन्यात आजारी पडलेलं पोर आपल्या घरात, नाहीतर शेजारच्या झोपडीत कोण आहे, ते आठवा. बेसनाचा लाडू त्याच्या हातावर आधी ठेवा, आणि दिवाळी झाल्यावरही आणखी दोन आठवडे ठेवत राहा.